टेस्ला कॉइलच्या सेकंडरीवर ठिणग्या धावतात: इन्सुलेशन नेमकं कुठे कमी पडतंय?

त्रिमूर्तीनगर_तांबे

नमस्कार मंडळी. घरी बांधलेल्या टेस्ला कॉइलसाठी (हवेत लांब ठिणग्या फेकणारा उच्च व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर) मदत हवी आहे. आधी मांडणी सांगतो.

सेकंडरी, म्हणजे उच्च व्होल्टेजची उभी गुंडाळी, ११० मिमी पीव्हीसी पाइपवर आहे. २६ गेज इनॅमल तार, १००० च्या आसपास वेढे, गुंडाळीची उंची ५० सेमी. वर किचन चिमणीच्या अॅल्युमिनियम डक्टचा टोरॉइड (मेदूवड्यासारखं कडं), बाहेरचा व्यास ४० सेमी, नळीची जाडी १० सेमी. प्रायमरी, म्हणजे सेकंडरीला ऊर्जा देणारी खालची गुंडाळी, एसीच्या पाव इंची तांब्याच्या नळीची, चकलीसारखी सपाट गुंडाळलेली. ट्रान्सफॉर्मर जुन्या निऑन साइनचा, लोखंडी गाभ्याचा, ९ किलोव्होल्ट ३० मिलिअँपिअर. टँक कपॅसिटर (प्रायमरीसाठी ऊर्जा साठवणारा) पॉलिप्रोपिलीनचे नग जोडून १० नॅनोफॅरड. स्पार्क गॅप (ठिणगी पडली की प्रायमरीचं सर्किट जोडणारी फट) साधा, पंखा लावलेला.

उन्हाळ्यात गच्चीवर रात्री चालवायचो तेव्हा वरून ठिणग्यांच्या छान फांद्या निघायच्या. पाऊस लागल्यापासून सेकंडरीच्या खालच्या तिसऱ्या भागातून बारीक निळ्या ठिणग्या वेढ्यांवरून वर धावतात. अधूनमधून प्रायमरीच्या आतल्या वेढ्यावरून थेट सेकंडरीच्या बुडाशी झेप जाते. वॉर्निशवर एक तपकिरी रेघ उमटली आहे आणि आता ठिणगी तीच वाट धरते.

वॉर्निशचे तीन हात आधीच आहेत. आता वरून ४-५ मिमी इपॉक्सी चढवण्याचा विचार आहे. त्याने थांबेल का?

अजनीचा_अभियंता

थांबायला हवं. इपॉक्सी मिलिमीटरला १५ किलोव्होल्ट सहज झेलतं, हवा जेमतेम ३. पाच मिमी थर म्हणजे भरपूर झाला. पाइप आडवा लेथवर हळू फिरवत ठेवा, म्हणजे ओघळ येणार नाहीत.

कोराडीकर

तांबे, इपॉक्सी ओतण्याआधी दोन मिनिटं थांबा. एकदा चढलं की काढता येत नाही, आणि दुखणं आत तसंच राहतं.

आधी आकडे बघू. तुमच्या सेकंडरीची स्वतःची धारिता (कपॅसिटन्स) ८ पिकोफॅरडच्या आसपास, टोरॉइडची १७-१८, मिळून २५ धरा. प्रायमरीत १० नॅनोफॅरड. म्हणजे धारितांचं गुणोत्तर ४००, त्याचं वर्गमूळ २०. ट्रान्सफॉर्मरचं शिखर १२.७ किलोव्होल्ट, गुणिले २०, म्हणजे कागदावर सुमारे २५० किलोव्होल्ट. प्रत्यक्षात गॅपमध्ये आणि तारेत बरंच हरवतं, त्यामुळे मिळतं याहून कमी. तरीही २५० धरून १००० वेढ्यांनी भागा. दोन शेजारच्या वेढ्यांमध्ये आले फक्त २५० व्होल्ट. साधं इनॅमल याच्या कितीतरी पट झेलतं. म्हणजे वेढ्या-वेढ्यामधलं इन्सुलेशन तुमच्याकडे पहिल्यापासून पुरेसं आहे. ठिणगी एका वेढ्यावरून शेजारच्यावर जात नाहीये, ती पृष्ठभागावरून शंभर-दोनशे वेढे ओलांडून धावतेय. ती तशी धावते याची कारणं इन्सुलेशनच्या जाडीत शोधू नका.

बहुतेक वेळा कारण एकच असतं: प्रायमरी आणि सेकंडरीचं कपलिंग, म्हणजे चुंबकीय जोड, जास्त घट्ट. ऊर्जा फार थोड्या आवर्तनांत इकडून तिकडे जाते, व्होल्टेज बुडापासून माथ्यापर्यंत सारखं चढत नाही, आणि मधल्याच एखाद्या पट्ट्यावर एकवटतं. त्यात ट्यूनिंग (दोन्ही सर्किटांची वारंवारता जुळवणं) थोडं सरकलेलं असेल किंवा गॅप वेळेवर विझत नसेल तर आणखी भर. स्पार्क गॅपच्या कॉइलला कपलिंग ०.१ ते ०.१५ च्या दरम्यान ठेवावं. सेकंडरी दोन-तीन सेमी वर उचला, खाली लाकडी किंवा अॅक्रेलिकचं बूड द्या, आणि मग पाहा.

आता पावसाचं. मी नोकरीतली बरीच वर्षं सबस्टेशनमध्ये काढली, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहितो. दमट हवा ही काही वाईट इन्सुलेटर नाही. दोन गोळ्यांमधल्या मोकळ्या अंतराची हवा दमट झाली तर भेदन-व्होल्टेज उलट किंचित वाढतं. घात होतो तो ओल्या पृष्ठभागावर. लाइनच्या तारा ज्यांवर लटकतात त्या चिनीमातीच्या डिस्कवर कोळशाची राख बसली असली तरी मुसळधार पावसात फारसं काही होत नाही, कारण राख धुऊन जाते. झिमझिम, धुकं, पहाटेचं दंव, हे खरे शत्रू. राख ओली होते, तिच्यातले क्षार विरघळतात, पृष्ठभागावर वाहक पापुद्रा तयार होतो. त्यातून गळती वाहते, काही ठिकाणी पापुद्रा वाळतो, आणि उरलेल्या त्या कोरड्या पट्ट्यावर सगळं व्होल्टेज येतं. तिथून चाप सुरू होतो. डिस्कला छत्र्या दिलेल्या असतात त्या याचसाठी: पृष्ठभागावरून जायचं अंतर वाढावं आणि खालची बाजू कोरडी राहावी.

तुमच्या सेकंडरीवर उन्हाळाभर गच्चीवरची धूळ बसली, तीत हाताचा घाम मिसळला, आणि आता तिला ओल मिळाली. कपलिंग आधीपासून कडेला होतं, कोरड्या दिवसांत निभावलं. दोन्ही गोष्टी दुरुस्त करा.

आणि ती तपकिरी रेघ म्हणजे कार्बन आहे. वाहक. तिच्यावर काहीही लावलं तरी ती आत जिवंत राहते. खरवडून पूर्ण काढा, रंग दिसेनासा होईपर्यंत. तारेचं इनॅमल जळलं असेल तर तेवढे वेढे सोडवून नव्याने गुंडाळा.

इतवारी_वाइंडिंग

कोराडीकर काका बरोबर बोलून राहिले. मी मोटरी-पंपांचं वाइंडिंग करतो, हाय व्होल्टेजचं काम कमी, पण वॉर्निशचं सांगतो.

भाऊ, तुमी वॉर्निश कोणतं लावलं? लाल घेतलं असन तर त्यात रंगद्रव्य हाये, अशा कामाले नका घेऊ. क्लिअर, हवेत वाळणारं घ्या. पहिला हात एकदम पातळ, थिनर टाकून, म्हणजे वेढ्यांच्या खाचीत उतरते. जाड हात वरून वाळते अन् आत ओला राह्यते. मंग त्याचेच बुडबुडे होतात. एक हात पूर्ण वाळू द्या, बोट लावलं तर चिकटलं नाही पाह्यजे, मंगच दुसरा.

पावसाळ्यात करूच नका, अन् करायचंच असन तर खोली बंद करून शंभरचा बल्ब बाजूले लावून ठेवा. चपडा लाख स्पिरिटमधी विरघळवून लावणारे असतात, चांगली असते ती, पण दमट दिवसात दुधासारखी पांढरी होते. ते पांढरं म्हणजे आत अडकलेलं पाणी. तसं झालं तर पुन्हा काढून लावा.

पाइप गुंडाळायच्या आधी वाळवला होता का? मे महिन्यातलं ऊन गच्चीवर एक दिवस दिलं तर त्याच्यापेक्षा चांगली भट्टी नाही. ओव्हनमधी नका टाकू, ऐंशीच्या जवळ पीव्हीसी लुळी पडते.

अन् एक मोठी गोष्ट. तारेचं टोक पाइपाले भोक पाडून आतून घेतलं का? बहुतेक जण खालचं टोक भोकातून आत घेतात अन् आतून खाली काढतात. वरचं बी तसंच. मंग आतमधी वरच्या अन् खालच्या टोकाच्या मधात नुसती पाइपाची भिंत. तिथून आतल्या आत फ्लॅशओव्हर होते अन् बाहेरून काहीच दिसत नाही. तार बाहेरच ठेवा. भोक असन तर अॅराल्डाइटने बुजवा. दोन्ही तोंडं अॅक्रेलिकच्या चकतीने बंद करा, मधात लोखंडी बोल्ट नको.

नवीन वाइंड करायची वेळ आली तर अर्ध्या किलोहून थोडी जास्त तार लागते, साडेतीनशे मीटरच्या आसपास बसते. तार किलोवर मिळते, एकाच रिळाची घ्या, मधात जोड नको.

त्रिमूर्तीनगर_तांबे

दोघांचे मनापासून आभार. वरचं टोक खरंच आतून घेतलेलं आहे, ते आज बाहेर काढतो. वॉर्निश क्लिअरच आहे.

कपलिंग ०.१५ हे मोजायचं कसं? की नुसतं उचलत जायचं?

रेडिओ_रामदासपेठ

मोजता येतं आणि मोजावंच. एखाद्या कमी व्होल्टेजच्या ट्रान्सफॉर्मरमधून, मध्ये जाड रेझिस्टर टाकून, प्रायमरीत ५० हर्ट्झचा ठरावीक करंट सोडा, समजा ५ अँपिअर. सेकंडरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. आलेल्या व्होल्टेजला ३१४ आणि करंटने भागा, की म्युच्युअल इंडक्टन्स (एका गुंडाळीचा दुसरीवरचा प्रभाव) मिळतो. त्याला दोन्ही इंडक्टन्सच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागलं की कपलिंग. तुमची सेकंडरी हिशोबाने २१-२२ मिलिहेन्री येते, २०० किलोहर्ट्झच्या थोडी वर वाजत असणार. त्याला जुळणारी प्रायमरी १० नॅनोफॅरडबरोबर ५४ मायक्रोहेन्री. वर्गमूळ सुमारे १.०८ मिलिहेन्री. म्हणजे ५ अँपिअरला मीटरवर पाव व्होल्टच्या खाली आकडा हवा. हे करताना निऑनचा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर पूर्ण सोडवून बाजूला ठेवा, कपॅसिटरची टोकं शॉर्ट करून.

दुसरं, १० नॅनोफॅरड हा आकडा मला खटकतो. ९ किलोव्होल्ट, ३० मिलिअँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरचा ५० हर्ट्झवर अनुनादी कपॅसिटर बरोबर १०.६ नॅनोफॅरडला येतो. स्थिर गॅप असताना इतक्या जवळचं मूल्य ठेवलं आणि एखाद्या वेळी गॅप उडाला नाही, तर ५० हर्ट्झवरच व्होल्टेज चढत जातं आणि ट्रान्सफॉर्मरच्या आतलं डांबर फुटतं. तिथलं इन्सुलेशन तुम्हाला दुरुस्त करता येत नाही. दीडपट किंवा थोडं जास्त, १६-१७ नॅनोफॅरड करा, प्रायमरीचा टॅप (नळीवर वायर जोडायची जागा) आत सरकवून पुन्हा ट्यून करा, आणि ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर मधला गोळा अर्थ केलेला सेफ्टी गॅप (व्होल्टेज जास्त चढलं तर आधी उडणारी फट) लावा. इन्सुलेशन म्हटलं की सगळ्यांना सेकंडरी दिसते, पण या छंदात सगळ्यात जास्त मरतो तो निऑनचा ट्रान्सफॉर्मर.

अजनीचा_अभियंता

कोराडीकरांचा वेढ्यांचा हिशोब पटला. जाड थराचा सल्ला या कॉइलपुरता मागे घेतो. पण मग इपॉक्सीचा उपयोग कुठेच नाही का?

कोराडीकर

आहे की. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये झेप जातेय, तिथे ३ मिमी अॅक्रेलिकचं नळकांडं किंवा जाड पॉलिथिनची शीट उभी करता येते. इग्निशन कॉइल, ईएचटी (जुन्या टीव्हीतला उच्च व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर), अशा बहुथरी गुंडाळ्यांना तर पॉटिंगशिवाय, म्हणजे सगळी गुंडाळी रेझिनमध्ये ओतून बंद केल्याशिवाय, गती नाही. फक्त तिथे जाडीपेक्षा पोकळी महत्त्वाची. इपॉक्सीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४ च्या आसपास, हवेचा १. दोहोंमध्ये हवेचा चपटा पापुद्रा राहिला की त्या हवेवर इपॉक्सीच्या चौपट क्षेत्र येतं, गोल बुडबुड्यावर सव्वा ते दीडपट. हवा आधीच पाचपट कमजोर. म्हणजे जो दुबळा त्याच्यावरच जास्त भार. बुडबुड्यात बारीक डिस्चार्ज सुरू होतो, तो इपॉक्सीला आतून पोखरतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी काहीही कारण न दिसता कॉइल फुटते. आयुष्यभर केबलच्या जॉइंटमध्ये हेच पाहिलं.

शिक्षिका_धरमपेठ

हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या दहावीच्या दोन मुली विज्ञान प्रदर्शनासाठी रुमकॉर्फ पद्धतीची इंडक्शन कॉइल (बॅटरीचा करंट तोडत-जोडत उच्च व्होल्टेजची ठिणगी काढणारी) बांधत आहेत. १२ व्होल्टची बॅटरी, लोखंडी तारांचा गाभा, ३८ गेजची सेकंडरी, एकावर एक १० थर, थरात ६०० च्या आसपास वेढे. सुरुवातीला ठिणगी येते, मग आत कुठेतरी तडतड ऐकू येते आणि बाहेरची ठिणगी बंद. मुली फार मन लावून करत आहेत, त्यांना तयार कॉइल आणून देणं मला पटत नाही. काय सुचवाल?

कोराडीकर

मॅडम, मुलींना सांगा की त्यांची गुंडाळी चांगली आहे, फक्त मांडणी बदलायची आहे. समजा एकूण १५ किलोव्होल्ट निघतात. ६००० वेढे, म्हणजे वेढ्याला अडीच व्होल्ट. पहिला थर डावीकडून उजवीकडे गेला, दुसरा उजवीकडून डावीकडे परत आला. आता डाव्या टोकाला पहिल्या थराचा पहिला वेढा आणि दुसऱ्या थराचा शेवटचा वेढा एकमेकांवर बसले. मधे १२०० वेढे, म्हणजे ३००० व्होल्ट, आणि अडवायला फक्त दोन इनॅमल. तडतड तिथली आहे.

उपाय १८५७ च्या सुमारास अमेरिकेत रिची यांनी काढला: लांब थर न देता गुंडाळीचे उभे कप्पे करायचे. दहा सेमी लांबीत १ सेमीचे १० कप्पे, प्रत्येकात ६०० वेढे. मग एका थरात ६० वेढे, आणि शेजारच्या थरांत जास्तीत जास्त फरक १२० वेढ्यांचा, ३०० व्होल्ट. तेवढीच तार, तेवढेच वेढे, ताण दहावा हिस्सा. कप्प्यांच्या चकत्या पॉलिप्रोपिलीनच्या जाड फाइल-फोल्डरमधून कापता येतील. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाणारी तार नीट स्लीव्हमधून न्यावी. प्रत्येक कप्पा एकाच दिशेने गुंडाळायचा, नाहीतर व्होल्टेज एकमेकांना खाईल.

थर-थर गुंडाळायचाच असेल तर प्रत्येक थरानंतर मिलिनेक्सचा पेपर (पॉलिस्टरची फिल्म), आणि तो थराच्या दोन्ही बाजूंनी किमान ५ मिमी बाहेर. कडेवरून वळसा घालून जाणारी ठिणगी याच ५ मिमीने थांबते. लेदरॉईड कागद वापरू नका, तो ओल पितो.

इतवारी_वाइंडिंग

मॅडम, मिलिनेक्स पेपर कोणत्याही वाइंडिंगच्या दुकानात मिळते. पोरींना पाठवून द्या, तुकडे उरलेले असतात माझ्याकडे, पैशे नको.

शिक्षिका_धरमपेठ

खूप आभार दादा. भरायचं कशात? एकीचे आजोबा मेणात बुडवा म्हणाले.

रेडिओ_रामदासपेठ

आजोबांच्या काळच्या रेडिओ कॉइल मेणातच असायच्या आणि पॅराफिन मेण इन्सुलेटर म्हणून उत्तम आहे. दोन अडचणी. थंड होताना ते आकसतं आणि आत पोकळ्या राहतात, म्हणून कॉइल गरम करून, थोडं थोडं ओतून, खालून वर थिजू द्यावं लागतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, मेण मऊ पडतं. प्रदर्शन डिसेंबर-जानेवारीत असेल तर चालेल. मेण वितळवताना मोठं माणूस समोर हवं आणि भांडं थेट आचेवर नको, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा.

ट्रान्सफॉर्मर ऑइल सगळ्यात सोपं, कारण ते फटीत शिरतं आणि ठिणगी गेली तरी पुन्हा जुळून येतं. नवं तेल चाचणीच्या २.५ मिमी अंतरात ३० किलोव्होल्ट झेलतं. पण थोडं जरी पाणी शिरलं तरी ही ताकद कोसळते, म्हणून डबा उघडा ठेवू नका. भंगारातलं तेल मुलींच्या हातात अजिबात देऊ नका. जुन्या ट्रान्सफॉर्मर-कपॅसिटरच्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) असू शकतं, ते विषारी आहे आणि वासावरून कळत नाही.

इपॉक्सीच वापरायचं तर ते पातळ आणि हळू जमणारं घ्या, भंगारातल्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरने व्हॅक्यूम देऊन बुडबुडे काढा. तापमान १० अंशांनी चढलं की जमण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. डब्यावर लिहिलेला अर्धा तास नागपूरच्या उन्हाळ्यात दहा मिनिटांवर येतो आणि जाड गोळा आतून तापून तडकतो. पहाटे ओता, थरा-थराने.

मॅडम, एक विनंती. १२ व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नका. मुलांना इंटरनेटवर मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरचे व्हिडिओ दिसतात. त्यात २००० व्होल्ट आणि अर्धा अँपिअर असतो, एकदा हात लागला की दुसरी संधी मिळत नाही. तांबे, तुमचा निऑनचा ट्रान्सफॉर्मर आणि टँक कपॅसिटरही त्याच वर्गातले. वरच्या फांद्या उच्च वारंवारतेच्या असल्याने झटका जाणवत नाही असं लोक म्हणतात, म्हणून ती वीज निरुपद्रवी ठरत नाही. आत भाजतं, आणि तीच फांदी प्रायमरीला जोडली गेली तर ५० हर्ट्झची वाट मोकळी होते. प्रत्येक कपॅसिटरवर १० मेगओहमचा ब्लीडर (साठलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर) हवाच. हात घालण्याआधी प्लग उपटून, लांब दांड्याच्या शॉर्टिंग रॉडने कपॅसिटर शॉर्ट करून, रॉड तसाच लावून ठेवावा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर कॉइल चालवूच नये.

गच्ची_मानेवाडा

सगळं वाचलं, फार उपयोगी. ज्या खोलीत कूलर चालू आहे तिथे टेस्ला कॉइल लावू नका, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाण्याचे तुषार आणि पाण्यातला क्षार दोन्ही सेकंडरीवर बसतात. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर दिसतो तोच.

शिवाय भर दुपारी ४५ अंशांत हवा २० अंशांपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ असते, तेवढी भेदन-ताकदही कमी. हिवाळ्यात जुळवलेला सेफ्टी गॅप उन्हाळ्यात लवकर उडायला लागला तर घाबरू नका.

त्रिमूर्तीनगर_तांबे

कळवायला आलो. कपलिंग मोजलं, ५ अँपिअरला ०.३५ व्होल्ट, म्हणजे ०.२ च्या वर. सेकंडरी ३ सेमी उचलल्यावर ०.१३. रेघ खरवडली, सगळी सेकंडरी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, बल्बने रात्रभर वाळवली, मग क्लिअरचा एक पातळ हात. वरचं टोक बाहेर घेतलं. कपॅसिटर १६ नॅनोफॅरड केला, सेफ्टी गॅप लावला, टॅप नव्याने शोधला.

धावणाऱ्या ठिणग्या पूर्ण बंद! इपॉक्सीचा डबा न उघडता ठेवला आहे, मॅडमना मुलींसाठी देतो.

आता फांद्या लांब झाल्या आणि त्यातली एखादी खाली येऊन प्रायमरीवर आदळते. त्याला काय करावं? आणि सेकंडरीचं खालचं टोक सध्या घरच्या अर्थिंगला आहे, ते चालेल ना?

कोराडीकर

अभिनंदन! आणि अर्थिंग आजच सोडवा. सेकंडरीचा उच्च वारंवारतेचा करंट घरच्या अर्थिंगमधून गेला तर तो टीव्ही, राऊटर, शेजाऱ्यांच्या घरापर्यंत जातो. वेगळा अर्थ द्या. अंगणात तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, दोन-अडीच मीटर खोल, आणि कॉइलपासून तिथवर जाड, रुंद पट्टी, जमेल तेवढी आखूड. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, रॉडभोवती माती सुटते आणि अर्थ नावापुरता उरतो. मीठ-कोळशाचा खड्डा करा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहा. कंट्रोलची पेटी आणि व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या व्हेरिअॅकचं अंग मात्र घरच्या अर्थिंगलाच ठेवा.

प्रायमरीसाठी स्ट्राइक रेल. प्रायमरीच्या बाहेरच्या वेढ्याच्या ५-६ सेमी वर त्याच तांब्याच्या नळीचं एक कडं, अॅक्रेलिकच्या खांबांवर, नव्या अर्थला जोडलेलं. फांदी खाली आली तर कड्यावर पडेल आणि कपॅसिटर-ट्रान्सफॉर्मर वाचतील. कडं पूर्ण बंद करू नका. दोन टोकांत ३-४ सेमी फट ठेवा, नाहीतर तो शॉर्ट झालेला एक वेढा होईल आणि कॉइलची निम्मी ताकद खाईल. टोकं घासून गोल करा, फटीवर पॉलिथिनची नळी चढवा, आणि फट टॅपच्या वायरपासून लांबच्या बाजूला घ्या.